पानझाडे सरांचा कॉबलर

पानझाडे सर माणसाकडे पायांपासून पाहायला सुरुवात करत. शाळेत कोणी नवीन आलं की त्यांची नजर आधी खाली जायची, चपलांवर थोडी रेंगाळायची आणि मग सावकाश चेहऱ्यापर्यंत यायची. मी बुलढाण्याहून डोणगावच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले, तेव्हा पहिल्या दिवशी मला वाटलं, गृहस्थ लाजाळू दिसतात. तिसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना ते म्हणाले, "मॅडम, तुमाले डाव्या टाचेचा त्रास आहे काय?"

होता. पण मी तो कुणाला सांगितला नव्हता.

"चप्पल सांगून राह्यली," ते म्हणाले. "डावी नुसती बाहेरच्या अंगानं झिजली. टाच वाचवून चालता तुमी."

पुढे पंधरा दिवसांनी त्याच चपलेचा अंगठा तुटला. मधल्या सुट्टीत मी एक पाय फरफटत खोलीत आले. सरांनी हात पुढे केला. टेबलाच्या खणातून चामडं टोचायची आरी आणि मेण लावलेला दोरा काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि बारीक चार टाके घातले. खोलीत सात-आठ जण बसले होते. चाललेलं बोलणं एकदम थांबलं. कुणी वर्तमानपत्राचं पान उलटलं, कुणी खिडकीबाहेर पाहू लागलं. सर दोरा दातानं तोडत म्हणाले, "आता बाकीची चप्पल तुटन, पन हा अंगठा नाही तुटणार."

ती शांतता कसली, हे मला संध्याकाळी कळलं. चहा करणाऱ्या मावशींनी सांगितलं. सरांचे वडील मेहकरच्या एसटी स्टँडबाहेर चपला शिवत बसायचे. सर बावीस वर्षं त्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, अर्ध्या गावाला त्यांनीच इंग्रजी वाचायला शिकवलं होतं. पण खणातून आरी निघाली की लोकांना आधी स्टँड आठवायचा. सरांना हे ठाऊक होतं. तरीही ते आरी खणातच ठेवत, घरी ठेवत नसत.

त्याच खणात त्यांचा इंग्रजी शब्दकोश असायचा. त्याला वडिलांनी शिवून दिलेलं चामड्याचं कव्हर होतं, हाताळून हाताळून काळं आणि गुळगुळीत झालेलं. मुलांना ते शब्दाचा अर्थ कधी सरळ सांगत नसत. कोश पुढे करायचे आणि म्हणायचे, "पहिल्या अर्थावर थांबायचं नाही. खाली उतरा, अजून काही लिहेल असते." पेन्सिलनं समासात बारीक अक्षरात टिपणं करायची त्यांना सवय होती. एखाद्या शब्दापुढे नुसतं "खरं" असं लिहिलेलं असायचं.

शब्दांची जी उत्सुकता, तीच बाकी सगळ्या गोष्टींची. शाळेतून घरी जायला त्यांना दहा मिनिटं पुरायला हवीत, लागायचा तास. वाटेत वेल्डिंगवाला दिसला की थांबले, पंपाची मोटर उघडून बसलेला माणूस दिसला की थांबले. "हे कसं करता?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. आणि उत्तर पुरतं समजेपर्यंत ते हलत नसत. एकदा मोहोळ उतरवणाऱ्या दोघांपाशी उभे राहिले आणि घटक चाचणीच्या तासाला वीस मिनिटं उशिरा आले, सुजलेला कान घेऊन. मुलांना म्हणाले, "मध पहिले खालून पिळत नाही. वरच्या अंगाले असते तो." आणि मग पेपर वाटले.

डबा ते टेबलाच्या मधोमध उघडत आणि "घ्या" म्हणत. घेणारे घेत. न घेणाऱ्यांत आमचे मुख्याध्यापक होते. त्यांना सगळे मोठे सर म्हणत. माणूस वाईट नव्हता. मुलांच्या फीपासून मावशींच्या आजारपणापर्यंत सगळ्यात स्वतः लक्ष घालायचे. पण पानझाडे सरांनी डबा पुढे केला की त्यांना उपास असायचा. गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी आणि काही नसलं तर पोट बिघडलेलं. सर दर वेळी तितक्याच आदबीनं डबा पुढे करत आणि तितक्याच आदबीनं मागे घेत. मी एकदा विचारलं, "सर, तुम्ही रोज कशाला विचारता त्यांना?"

"पाहून राह्यलो," ते म्हणाले, "किती प्रकारचे उपास आहेत म्हणून."

आता कॉबलरची गोष्ट.

आठवी अ आणि आठवी ब या वर्गांच्या मध्ये आमच्या शाळेत भिंत नव्हती, प्लायवूडचा आडोसा होता. एका बाजूला मी आम्ल आणि अल्कली शिकवत असायचे, दुसऱ्या बाजूला सर. ऑगस्टमधली गोष्ट असेल. त्यांच्या धड्यात चपला शिवणारा एक म्हातारा होता. सरांनी विचारलं, "कॉबलर म्हणजे काय?"

मागच्या बाकावरून उत्तर आलं, "चांभार, सर."

आणि वर्गात हसू पसरलं. मोठं नव्हे, दाबलेलं. माझ्या वर्गातली मुलंही गप्प होऊन कान देऊन बसली. मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले.

"बरोबर," सर म्हणाले. आवाज रोजचाच होता. "माहे वडील कॉबलर होते. मेहकरच्या स्टँडबाहेर बसत. ज्याले हा शब्द पाठ होत नसन त्यानं त्याईले ध्यानात ठेवा, मंग विसरणार नाही." हसू थांबलं. "आता खाली उतरा. अर्थ नंबर दोन. कोण वाचते?"

एका मुलीनं अडखळत इंग्रजी वाचलं. सरांनी मराठीत सांगितलं, "फळं घालून, वरतून पिठाचा जाड थर देऊन भाजलेला गोड पदार्थ."

"सर, कसा लागते तो?" तीच मुलगी म्हणाली.

पलीकडून कोशाचं पान उलटल्याचा आवाज आला.

"मले माहीत नाही," सर म्हणाले. "मी नाही खाल्ला."

मधल्या सुट्टीत ते माझ्यासमोर येऊन बसले. कोश उघडा होता. "मॅडम, एकाच शब्दात माहा बाप बसेल आहे आन त्याच्या खाली एक गोड पदार्थ बसेल आहे. इतके वर्षं पोट्ट्यांना सांगतो का खाली उतरा. आन मी सोता नुसता वाचून परत आलो." मग म्हणाले, "पोरीनं बरोबर विचारलं. कसा लागते, हे तर सांगता आलं पाहिजे."

मला वाटलं, संध्याकाळपर्यंत विसरतील. दोन दिवसांनी ते मोबाइलवर एक व्हिडिओ घेऊन आले. कुणी परदेशी बाई ओट्यापाशी उभी राहून कॉबलर करत होती. सरांनी तो थांबवत थांबवत पाच-सहा वेळा पाहिला होता आणि वहीत प्रश्न लिहून आणले होते. पहिला प्रश्न, कप म्हणजे कोणता कप? "आमच्या घरी तीन मापाचे कप आहेत. पाहुण्याचा लहान, माहा मोठा आन कान तुटेल तो मधला." दुसरा प्रश्न, ती म्हणते ते फळ आपल्याकडे मिळत नाही, मग काय घालायचं? तिसरा माझ्यासाठी होता. ओव्हनचं तापमान जेवढं सांगितलं, तेवढं चुलीवरच्या कुकरमध्ये झालं की नाही हे कसं मोजायचं? मी म्हटलं, आपल्या प्रयोगशाळेतला तापमापक एकशे दहाच्या वर जात नाही, तिथे फुटेल. त्यांनी तेही वहीत लिहून घेतलं.

पहिला कॉबलर केळ्यांचा झाला. कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाशी मीठ पसरून, त्यावर डबा ठेवून. दुसऱ्या दिवशी तो डबा त्यांनी शाळेत आणला. खाली केळी काळी पडून बसली होती, वर मैद्याचा पांढराफटक थर. "खाऊ नका," ते म्हणाले. "नुसतं पाहा. वरून आच नाही मिळाली, नाही का?" त्यांच्या चेहऱ्यावर ओशाळलेपण नव्हतं. दुसऱ्या कुणी उघडलेल्या मोटरीत डोकवावं तसे ते स्वतःच्याच फसलेल्या पदार्थात डोकावत होते.

मग सीताफळ झालं. गर शिजला की कडवट होतो, हे त्यातून कळलं. मग पेरू, त्याच्या बिया दातांखाली. एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले तर सर ओट्यापाशी आणि वत्सलाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, बाहेर ओसरीत पाय सोडून बसलेल्या.

"तीन महिने झाले," काकू म्हणाल्या. "माह्या सैपाकघरात मलेच जागा नाही. मी म्हणलं, शिरा कराना. शिऱ्यात बी फळ टाकता येते. तर म्हणते, शिऱ्याले दुसरा अर्थ नाही."

आतून सर म्हणाले, "मी असं नव्हतो म्हणलो."

"मंग काय म्हणले होते?"

"शिरा मले माहीत आहे, असं म्हणलो होतो."

वरून आच कशी द्यायची, हा प्रश्न रऊफचाचांनी सोडवला. गावात त्यांची जुनी बेकरी. दिवाळी आणि ईद जवळ आली की सगळ्या गावातल्या बायका नानखटाईचे पत्रे घेऊन त्यांच्या भट्टीपाशी ओळीनं उभ्या राहायच्या. सकाळी पाव आणि टोस्ट निघून गेले की दुपारी भट्टी मंद होते, ती वेळ त्यांनी सरांना दिली. मीही एकदा सोबत गेले, तापमानाचं काय करतात ते बघायला.

"मास्टरसाब, डिग्री-बिग्री अपने को नहीं मालूम," रऊफचाचा म्हणाले. त्यांनी वर्तमानपत्राचा एक तुकडा लांब फळीवर ठेवून आत सरकवला. "अब गिनो. तीस तक. कागज बदामी हुआ तो नानखटाई डालो. काला हुआ तो बैठो, चाय पियो."

सरांनी मोठ्यानं तीस आकडे मोजले. कागद काळा निघाला. आम्ही चहा प्यायलो. दुसरा कागद गडद तपकिरी, तिसरा बदामी. सरांनी तो बदामी तुकडा घडी न घालता वहीत ठेवला आणि खाली तारीख लिहिली. रऊफचाचा माझ्याकडे पाहून म्हणाले, "चालीस साल से भट्टी चलाता मैं. किसी ने कागज संभालके नहीं रखा."

तो एप्रिल होता. परीक्षा संपत आल्या होत्या आणि झाडांवर पाडाला आलेले आंबे होते, पूर्ण पिकलेले नाहीत, कच्चेही नाहीत. सरांच्या डोक्यात ते आलं, कारण व्हिडिओतल्या बाईच्या हातातलं फळ सुरीनं कापताना कडक वाटत होतं आणि तरी रस गळत होता. त्यांनी आंब्याच्या फोडी केल्या, गूळ, वेलदोडा आणि चिमूटभर मीठ लावून पितळी परातीत पसरल्या. वरच्या थरासाठी मैदा, घरचं लोणी, ताक आणि थोडा सोडा.

व्हिडिओतली बाई पीठ चमच्यानं कसंही टाकत होती, इथे एक गोळा, तिथे एक. सर मात्र प्रत्येक गोळा हातात घेत, कडा आत वळवत आणि एकाशेजारी एक, सारख्या अंतरानं मांडत होते. मी म्हटलं, "सर, ते ओबडधोबडच असतं म्हणे. म्हणून तर तसं नाव पडलं असेल."

त्यांचा हात थांबला. पिशवीतून कोश काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. पिठाचे हात लागू नयेत म्हणून पान मलाच उलटायला लावलं. कॉबलरच्या आधीच एक क्रियापद होतं, कॉबल. त्याचा अर्थ, जसंतसं जोडून टाकणं, घाईनं काहीतरी जुळवणं.

"हे मले ठाऊक आहे," ते म्हणाले. "कॉलेजात असताना वाचलं होतं."

मग पिठाचा गोळा तळहातावर फिरवत त्यांनी सांगितलं. ते दहा-अकरा वर्षांचे असताना वडिलांपाशी स्टँडवर बसले होते. एक बाई वाहन तुटलेली घेऊन आली. वाहन म्हणजे आमच्याकडे चप्पल. तिची चिखलीची गाडी लागलेली. वडिलांनी टाके घातले, चप्पल उचलून डोळ्यांसमोर धरली आणि एक टाका तिरका गेलेला दिसला म्हणून सगळे उसवले. बाई म्हणाली, राहू द्या बाबा, चालते तसंच. वडील म्हणाले, तुम्हाले चालते, चपलेले नाही चालणार. गाडी निघून गेली. बाई पुढच्या गाडीपर्यंत त्यांच्या समोर दगडावर बसून राहिली आणि त्यांना बोलत राहिली. वडील ऐकत होते आणि शिवत होते.

"माहा बाप जसंतसं नव्हता करत," सर म्हणाले. त्या क्रियापदापुढे समासात पेन्सिलनं लिहिलेलं मी तेव्हा वाचलं. अक्षर कॉलेजातल्या मुलाचं होतं, ठासून लिहिलेलं. "चूक. मी पाहिलं आहे."

परात आत गेली. वीसेक मिनिटांनी वास आला आणि रऊफचाचांचा एक माणूस टोस्ट कापायचा थांबून आमच्याजवळ येऊन उभा राहिला. परात बाहेर आली तेव्हा गोळे फुगून एकमेकांना टेकले होते, वर बदामी रंग धरला होता आणि त्यांच्यामधल्या फटींतून आंब्याचा रस बुडबुडत वर येत होता. सरांनी फुंकर घालून एक चमचा तोंडात घातला. डोळे मिटले. आम्ही तिघं-चौघं त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो.

"असा लागते होय," ते म्हणाले.

वत्सलाकाकूंना त्यांनी घरी नेऊन दिला. काकूंनी दोन वेळा वाढून घेतला आणि म्हणाल्या, "हे बरं जमलं. पन शिरा तो शिराच."

परीक्षेच्या शेवटच्या दिवशी सर दुसरी परात घेऊन आठवीच्या वर्गात गेले. विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी आठ महिने घेतले होते. प्रत्येकाला एकेक चमचा मिळाला आणि प्रत्येकानं तो कसा लागतो ते सांगायचं, अशी अट होती. सरांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. "गरम पुरणपोळीत लोणचं मिसळलं तर." "वरून बिस्कीट, खालून साखरांबा." मागच्या बाकावरचा तो मुलगा, ज्यानं ऑगस्टमध्ये उत्तर दिलं होतं, बराच वेळ जिभेवर घोळवत बसला आणि म्हणाला, "सर, अजून एक चमचा खाल्ल्याबिगर सांगता नाही येणार." त्याला मिळाला.

इथे संपली असती तरी ती एक चांगली गोष्ट झाली असती. पण सरांच्या मनात अजून काहीतरी चाललं होतं, आणि ते मला पुढच्या हिवाळ्यात कळलं.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. मधल्या सुट्टीत सरांनी नेहमीचा डबा उघडला नाही. कापडात बांधलेलं एक पातेलं टेबलावर ठेवलं, एका वाटीत त्यातलं काढलं आणि ती वाटी घेऊन ते मोठ्या सरांसमोर उभे राहिले.

"मोठे सर, उपासाचा आहे," ते म्हणाले. "वरतून राजगिऱ्याचं पीठ, थोडं शिंगाड्याचं. दही आन साजूक तूप. खाली पेरू, बिया काढून. मीठ शेंदेलोण."

खोलीत पुन्हा तीच शांतता झाली, जी मी माझ्या चपलेच्या वेळी ऐकली होती.

"सोडा?" मोठ्या सरांनी विचारलं.

"नाही टाकला."

"बेकरीत भाजला असेल ना. तिथे अंडी वगैरे असतात."

"घरी भाजला. वाळूवर."

मोठे सर वाटीकडे पाहत राहिले. सर म्हणाले, "भांडं नवीन आहे."

ते ऐकून माझी मान खाली गेली. किती दिवस ह्या माणसानं एकेक कारण शोधून त्याचं उत्तर तयार ठेवलं असेल, आणि शेवटी ह्याही उत्तरापर्यंत तो आला असेल. मोठ्या सरांचा चेहरा मी पाहिला नाही. चमचा वाटीला लागल्याचा आवाज ऐकला. मग पुन्हा एकदा. थोड्या वेळानं रिकामी वाटी टेबलावर ठेवली गेली.

"राजगिरा कडवट नाही लागला," मोठे सर म्हणाले.

"भाजून घेतला होता, सर."

एवढंच बोलणं झालं. घंटा झाली, सगळे उठले.

संध्याकाळी आम्ही सोबत निघालो. मला राहवेना. विचारलं, "सर, कसं वाटलं तुम्हाला?"

"मले वाटलं होतं, लय मोठं काही वाटन," ते म्हणाले. "पन मी त्याईच्या तोंडाकडे पाहत होतो का राजगिरा टाळूले चिकटून राह्यला काय. तो चिकटते." वळणावर ते थांबले. "भांडं नवीन नव्हतं, मॅडम. रोजच्या भाजीचंच पातेलं होतं. शाळेत एवढं एकच खोटं बोललो मी."

मग ते हसले. मोठ्यानं नाही, पण बराच वेळ. रस्त्यानं जाणारी एक बाई आमच्याकडे वळून पाहत गेली.

मोठ्या सरांचं पुढे काय झालं असं विचाराल, तर फार काही नाही. पुढच्या गुरुवारी त्यांना उपास होताच. पण त्यानंतरच्या सोमवारी पानझाडे सरांनी डबा पुढे केला तेव्हा त्यांनी भाकरीचा एक तुकडा आणि त्यावर ठेचा घेतला. नंतर कधी घेत, कधी घेत नसत. सरांनी विचारायचं सोडलं नाही.

दोन वर्षांनी माझी बदली खामगावला झाली आणि सर निवृत्त झाले. एका प्रशिक्षणासाठी मी पुण्याला गेले होते, तिथे एका हॉटेलच्या फळ्यावर कॉबलर लिहिलेला दिसला. मी आत गेले, मागवला, खाल्ला आणि बाहेर येऊन सरांना फोन लावला.

"सर, मी कॉबलर खाल्ला. खरा."

"थांबा," ते म्हणाले. "वही घेतो."

आणि मग प्रश्न सुरू झाले. वरचा थर चावावा लागतो की तोंडात विरतो? कडेनं रस आला होता का? फळ फोडीनं होतं की गर? भांडं कशाचं, मातीचं की काचेचं? गोळे जुळवून ठेवले होते की टाकलेले? मी गोळ्यांचं सांगितलं, ते जसेतसे टाकलेले होते. बाकी अर्ध्या प्रश्नांची उत्तरं मला देता आली नाहीत. मी नुसता खाल्ला होता.

"बरं, एक सांगा," ते शेवटी म्हणाले. "आपल्यासारखा लागला काय?"

मी खरं ते सांगितलं. "गोड जास्त होता सर. आणि आंबटपणा नव्हताच."

पलीकडे ते लिहीत असल्याचं कळत होतं. "मंग त्याईले कळवाले पाहिजे," ते म्हणाले. "पाडाचा आंबा घ्या म्हणा."

सर गेले त्याला आता दोन वर्षं होतील. काकूंचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते. झोपेतच गेले, म्हणाल्या. आजारी नव्हते.

त्याच्या तीनेक महिने आधी मी त्यांना भेटले होते. मेहकरला एका लग्नाला गेले होते, परतताना डोणगावला उतरले, तासभर त्यांच्या घरी बसले. सर वाळले होते, पण बोलणं तेच. निघताना मला सोडायला स्टॉपवर आले. पिशवी त्यांनीच धरली होती. गाडी आली, मी चढले, खिडकीजवळ जागा मिळाली. खिडकीतून पिशवी आत देऊन ते बाजूला झाले, तेवढ्यात त्यांची नजर स्टॉपमागच्या फळांच्या गाडीवर गेली.

गाडीवर केळी आणि संत्र्यांच्या शेजारी गुलाबी, खवल्याखवल्यांची फळं मांडली होती. ड्रॅगन फ्रूट. आमच्या भागात हल्ली काहींनी लावलं आहे. सर तिकडे वळले. एक फळ हातात घेतलं, वास घेतला, अंगठ्यानं दाबून पाहिलं. विक्रेता तरुण होता, तो हसत काहीतरी सांगत होता. मला शब्द ऐकू येत नव्हते, पण सरांचा प्रश्न काय असणार हे मला माहीत होतं. कंडक्टरनं घंटी दिली. मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि "सर, येते" म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. विक्रेत्यानं फळ मधोमध कापलं होतं आणि सर त्यातल्या काळ्या बारीक बियांवर वाकून, चष्मा कपाळावर चढवून, अगदी जवळून पाहत होते. एसटी वळेपर्यंत ते तसेच वाकलेले होते.